पेन्शनर नावाचा डबा

सोमवार, ९ फेब्रुवारी

कालच्या नोंदीत चूक आहे. मी लिहिलं होतं, "बाबांना सांगितलं. ते बरं म्हणाले." तसं झालेलं नाही.

झालं ते असं. बाबांनी फोनवर दर रविवारसारखं विचारलं, "फळी कशी आहे?" मी म्हटलं, "थोडा बदल करावा लागणार आहे." ते म्हणाले, "कसला?" मी म्हटलं, "तारांचा." ते म्हणाले, "बरं." म्हणजे ते बरं म्हणाले हे खरं, पण कशाला म्हणाले ते मी लिहिलं नाही. तारा बदलणार हेही खरं आहे. तारांबरोबर फळीही जाणार, तेवढं सांगायचं राहिलं. "राहिलं" हा शब्दही बरोबर नाही. सांगितलं नाही.

आईचा नियम होता: वहीत खोडायचं नाही. चुकलं तर दुसऱ्या दिवशी नव्या तारखेखाली चुकलं म्हणून लिहायचं. आई-बाबा वाद्यवृंदाबरोबर गावोगाव फिरायचे, त्यामुळे तेरा वर्षांची होईपर्यंत माझी शाळा म्हणजे ते दोघंच. आईने वाचन-लेखन शिकवलं आणि ही वही लावली. बाबांनी गणित शिकवलं ते रेझिस्टरवरच्या, म्हणजे विजेला अडवणाऱ्या बारीक काडीवरच्या, रंगीत पट्ट्यांवरून. बाकीची मुलं पाढे म्हणायची, मी म्हणायचे काळा शून्य, तपकिरी एक, लाल दोन, नारिंगी तीन, पिवळा चार, हिरवा पाच. आईला जाऊन चार वर्षं झाली. वही आता कुणी तपासत नाही. म्हणून जास्त जपून लिहायला हवं.

फळी का जाणार तेही लिहून ठेवते. ज्या संगीत नाटकात मी गिटार वाजवते, त्यात दुसऱ्या अंकात एक जागा आहे. मोठं गाणं एकदम थांबतं आणि नायिका जवळजवळ कुजबुजते. त्या एका क्षणात मला गिटारचा आवाज खरखरीतून अगदी साधा करायचा असतो. फळीवर, म्हणजे गिटारचा आवाज बदलणारे डबे बसवलेल्या पाटीवर, त्यासाठी तीन डबे पायाने एकामागोमाग बंद करावे लागतात. खट, खट, खट. गेल्या गुरुवारी आमच्या वाद्यवृंदाच्या बाईंनी तालीम थांबवली आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "नायिकेचं गुपित ऐकायला आलेल्या माणसांना तुझ्या बुटांचं गुपित कशाला सांगतेस?"

सगळे हसले. मीही हसले. मग म्हणाल्या, "रॅक कर. एकवीस मार्चला पहिला प्रयोग आहे. त्याच्या आधी कर."

गुरुवार, १२ फेब्रुवारी

मिस्त्रींकडे जाऊन आले. मिस्त्री म्हणजे नाटकवाल्यांची यंत्रं बांधणारा माणूस. नाव कुणाला माहीत नसावं, दारावरच्या पाटीवरही फक्त "कामात आहे" असं लिहिलंय.

त्यांनी समजावून सांगितलं. मला बहुतेक माहीत होतं, पण मी ऐकून घेतलं. रॅक म्हणजे खणांचं लोखंडी कपाट. माझे डबे पायाशी न राहता त्या खणांत बसणार. मध्ये एक स्विचर असणार, जो कुठल्या डब्यातून आवाज न्यायचा आणि कुठला पूर्ण वगळायचा ते ठरवेल. माझ्या पायाशी फक्त एक पट्टी, तिच्यावर आठ बटणं. एक बटण दाबलं की तीन डबे एकदम सुटतील आणि दोन लागतील. खट एकदाच, तेही रबराचं.

"आणि बंद असलेल्या डब्यातून आवाज जाणारच नाही," मिस्त्री म्हणाले. "आता तुमच्या फळीवर काय होतं? डबा बंद असो की चालू, आवाज त्याच्या दारावरून जातो. इथे त्याची गल्लीच बंद."

"कपाट कुठे ठेवायचं?"

"रंगमंचामागे. विहिरीत जागा कुठाय?"

विहीर म्हणजे रंगमंचासमोरचा खड्डा, आम्ही आठजण तिथे बसून वाजवतो. म्हणजे मी तार छेडणार इथे, आवाज भिंतीपलीकडे जाणार, तिथे काय व्हायचं ते होणार आणि परत येणार. वाटेत तारेत तो दमू नये म्हणून मिस्त्री माझ्या खुर्चीपाशी एक छोटा जोर देणारा डबा लावतील.

घरी आल्यावर फळीकडे पाहत बसले. बाबांनी ती जुन्या कपाटाच्या दारापासून केली. बिजागऱ्यांचे खड्डे अजून दिसतात. मूठही तीच, उचलायला सोयीची. तिच्यावर सहा डबे, सगळे घरी बांधलेले आणि सगळ्यांना घरातली नावं: पेन्शनर, दाब, करवत, पाणी, भोवरा, दरी. बारा वर्षं बाबांनी वाजवली. मग त्यांच्या बोटांचे सांधे धरले आणि सात वर्षांपूर्वी फळी माझ्याकडे आली. देताना एवढंच म्हणाले, "पेन्शनरला त्याच्या खुर्चीतून उठवायचं नाही."

शनिवार, १४ फेब्रुवारी

फळी मोडली.

"मोडली" लिहिताना हात थांबला, पण स्क्रू काढले, तारा कापल्या, डबे सुटे केले, याला दुसरा शब्द नाही. मिस्त्रींच्या टेबलावर पाच डबे ओळीने ठेवले. सहावा पेन्शनर.

पेन्शनर मी अकरा वर्षांची असताना बांधला होता. बाबांनी जोडणीचा नकाशा काढून दिला, बाकी सगळं मी केलं. तो कधीच नीट चालला नाही. दाबला की घरघरायचा. म्हणून बाबांनी त्याला नाव दिलं पेन्शनर आणि ओळीत सगळ्यांत पहिला लावून ठेवला. बंद. पंधरा वर्षं कुणी दाबला नाही. पाहुणे विचारायचे, हा कसला? बाबा म्हणायचे, "हे बसून असतात."

मला त्याची लाज वाटायची. खरं सांगायचं तर आजही वाटली. मिस्त्री तो उघडतील आणि आतलं माझं कथिलाचं झाळकाम पाहतील, लहान मुलाच्या नाकासारखं ओघळलेलं, असं वाटलं. त्यांनी विचारलं, "हा कुठल्या खणात?" मी म्हटलं, "हा नको. हा चालत नाही." त्यांनी तो बाजूच्या क्रेटमध्ये ठेवला, जुन्या बटणांत आणि खोक्यांत.

रिकामी फळी घरी आणली. दाराआड उभी केलीय.

रविवार, १५ फेब्रुवारी

"फळी कशी आहे?"

"आहे तशीच."

हे लिहिलं आहे. याच्यावर आज काही लिहिणार नाही.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

रॅक आला. माझ्या छातीइतका उंच आहे. चार जणांनी उचलून रंगमंचामागच्या खोलीत ठेवला, रंगवलेली झाडं ठेवतात तिथे.

तालमीत दुसऱ्या अंकातल्या त्या जागेला एकच बटण दाबलं आणि आवाज कुणीतरी हातातून काढून घ्यावा तसा साधा झाला. नायिकेने कुजबुज केली. बाईंनी माझ्याकडे न बघता अंगठा वर केला.

गाणं संपल्यावर लक्षात आलं की माझे पाय काही करत नव्हते. फळी होती तेव्हा प्रत्येक डब्याचा दिवा पायाशी दिसायचा, लाल, हिरवा, करवतीचा पिवळा. बाकीचे सात जण आपापसांत बोलत असले तरी मला खाली बघायला काहीतरी असायचं. आता पट्टीवर एक आकडा दिसतो. आज बराच वेळ ४ होता.

जेवायच्या सुट्टीत मी सांगितलं की रॅकपाशी कुणीतरी थांबायला हवं, तापतो का बघायला. असं काही नसतं. मी तिथे कागदी झाडांत बसून डबा खाल्ला.

रविवार, २२ फेब्रुवारी

काल तालमीचं रेकॉर्डिंग बाबांना पाठवलं. आज फोन आत्याने उचलला. आई गेल्यापासून बाबांची ही बहीण त्यांच्याकडेच राहते.

"काय गं, जिवंत आहेस? तुझा बाप शनिवारपासून फोन चार्जिंगला लावून बसतो. मोहिमेवर निघायचं असल्यासारखा."

"रेकॉर्डिंग ऐकलं का त्यांनी?"

"तीनदा. मी म्हटलं, लेकीचं इतकं कौतुक आहे तर मलाही ऐकव. तर म्हणे, थांब. उठून खिडकी लावली आणि परत ऐकलं. घे, बोल त्याच्याशी."

बाबा म्हणाले, "ऐकलं."

"कसं आहे?"

"स्वच्छ आहे."

मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं फोन कटला. मग म्हणाले, "फळी कशी आहे?"

हे त्यांनी फोन घेतल्या घेतल्याही विचारलं होतं. एकाच फोनमध्ये दोनदा कधी विचारत नाहीत. वय होतंय, विसरत असतील. मी म्हटलं, "आहे तशीच."

बाबांची शिकवायची रीत अशीच होती. वाजवताना चुकलं तर सांगायचे नाहीत. गप्प बसायचे, मी शोधेपर्यंत. कधी पाच मिनिटं, कधी दोन दिवस. मला ते गप्प बसणं रागाचं वाटायचं. आई म्हणायची, रागाचं नाही, तो तुझी वाट बघतोय. पण त्या वेळी शोधायची चूक गिटारवर असायची.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

आवाजात काहीतरी कमी आहे. काय ते सांगता येत नाही. कमी नाही, जास्तच आहे: तारेवरचं नख ऐकू येतं, बोट सरकल्याचं ऐकू येतं. बाई खूश आहेत. मलाच कानाला लागतं.

सभागृहात मागे बसून ध्वनी सांभाळणाऱ्याला सगळे कानसेन म्हणतात. त्याला विचारलं, "माझा आवाज बरा आहे का?"

तो म्हणाला, "बरा कसला, लख्ख आहे. आंघोळ घालून, भांग पाडून उभा केलाय."

"म्हणजे वाईट?"

"वाईट कोण म्हणतंय? आधी तुझी गिटार कोपऱ्यात बसून बोलायची, आता मुलाखतीला आल्यासारखी बोलते. नोकरी मिळेल तिला."

मी हसले नाही म्हणून तो म्हणाला, "अगं, गंमत केली. जाऊन चहा घे सगळ्यांबरोबर." सगळे निघून गेले होते.

रविवार, १ मार्च

आज बाबांनी विचारलं, "पेन्शनर बरा आहे ना?"

मी म्हटलं, "बरा आहे."

याआधीचं "आहे तशीच" निदान ओढूनताणून खरं म्हणता आलं असतं, कारण फळी दाराआड आहे तशीच उभी आहे. आजचं तसं म्हणता येत नाही. पेन्शनर कुठे आहे ते मला माहीतही नव्हतं. हे सरळ खोटं आहे आणि मी ते जरासुद्धा न थांबता बोलले.

आत्या मागून ओरडली, "अरे, पोरीला जेवलीस का ते तरी विचार! फळीशिवाय दुसरं काही सुचतच नाही याला." खरं आहे. त्या फळीत त्यांचा जीव आहे. म्हणूनच सांगवत नाही.

मंगळवार, ३ मार्च

मंगळवारी नाट्यगृह बंद असतं. किल्ली मागून घेतली आणि दिवसभर एकटीने शोध घेतला. बाबांनी शिकवलेली रीत: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ऐकायचं, लिहायचं.

तारा बदलल्या. फरक नाही. जोर देणारा डबा काढला. फरक आहे, पण तो नाही. शेवटी पाचही डबे खणांतून काढले, फळी घरून आणली आणि सगळं होतं तसं तिच्यावर जोडलं, कपाटाशिवाय, स्विचरशिवाय. वाजवलं. तोच उघडा, नखाचा आवाज.

म्हणजे दोष रॅकचा नाही. फळीवरही तो आवाज आता नाही. मग पहिल्या जागेकडे लक्ष गेलं. चार स्क्रूंची भोकं आणि मधे लाकडाचा चौकोन, ऊन न लागलेला, बाकीच्यापेक्षा गडद.

बंद डब्याच्याही दारावरून आवाज जातो, असं मिस्त्रीच म्हणाले होते.

तशीच त्यांच्याकडे गेले. पाटी होती तरी दार वाजवलं.

"तो छोटा डबा," मी म्हटलं, "क्रेटमधला."

"तो? तो उघडला की. बटण बरं होतं, एकाच्या कामी आलं. खोकं दुसऱ्याला दिलं."

"आणि आतलं?"

"आत काय होतं? चार-सहा काड्या आणि लोण्यासारखं झाळकाम." मग माझ्याकडे बघून आवाज खाली आणला. "तुम्हीच म्हणालात ना, चालत नाही?"

"मीच म्हणाले."

"केरात गेलं असणार. लागणार होतं का?"

मी नाही म्हटलं. हेही खोटंच, पण मिस्त्रींची यात काही चूक नव्हती.

बुधवार, ४ मार्च

नकाशा आठवत नाही. बाबांनी काढून दिला होता तसा मी बांधला असता तर तो चालला असता. म्हणजे मी काहीतरी चुकले होते आणि त्या चुकीतून तो आवाज येत होता. काय चुकले तेच आठवत नाही. आठवतो फक्त त्या दिवशी आलेला राग.

बाबांना नक्की माहीत असेल. विचारायचं तर आधी सांगावं लागेल.

रविवार, ८ मार्च

मी लबाडी केली. बाबा सकाळी फिरायला जातात ती वेळ साधून आत्याला फोन केला. माझ्या लहानपणीच्या वह्या त्यांच्या कपाटात खालच्या खणात आहेत. अकराव्या वर्षाची काढून वाचायला सांगितली.

"कशाला गं?"

"एक गोष्ट बघायचीय."

"प्रेमपत्रं होती का अकराव्या वर्षी?" ती वही शोधताना धापा टाकत होती. "ही घे. बाई गं, काय अक्षर! मुंग्यांची रांग. मला चष्मा आणू दे."

तिने वाचलं. मी ऐकता ऐकता उतरवून घेतलं, ते इथे तसंच लिहिते.

"आज माझा डबा पूर्ण झाला. दाबला तर घरघरतो आणि नाही दाबला तर गप्प बसतो. बाबा म्हणाले, पेन्शनर आहे. सगळे हसले. मी नाही हसले."

आणि दुसऱ्या दिवशीचं:

"कालच्यात चूक आहे. मी लिहिलं की सगळं नकाशाप्रमाणे लावलं. तसं नाही. आत येणाऱ्या तारेवरच्या रेझिस्टरचा तिसरा पट्टा हिरवा हवा होता. मी पिवळा लावला. ट्यूबच्या उजेडात हिरवा दिसला. म्हणजे दहा लाखांच्या जागी एक लाख. मी बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, मला काल ऐकू आलं. मी म्हटलं बदलते. ते म्हणाले, थांब, न दाबता ऐक. मग त्यांनी गिटार वाजवली. ती मऊ लागत होती. बाबा म्हणाले, हा असाच राहू दे. आई म्हणाली, बघ, तुझी चूक किती गोड बोलते. मला अजून राग आहे पण कमी."

आत्याने चष्मा सावरला. मग म्हणाली, "अगं, या पानाला खूण आहे."

"कसली?"

"जुनं तिकीट घातलंय, वाद्यवृंदाचं. हे पान बऱ्याचदा उघडलेलं दिसतंय, वही इथेच आपोआप उघडली. कुणी घातलं असेल?"

मी म्हटलं, आईने असेल.

"छे. तुझ्या आईला खुणा लागायच्या नाहीत, तिला सगळं पाठ. बरं ते जाऊ दे. आम्ही दोघं एकवीसला येतोय. त्याने नवा शर्ट आणलाय. मी म्हटलं, विहिरीतून तिला दिसणार आहेस का तू? तर म्हणतो, मला ती ऐकू येईल."

दुपारी नेहमीचा फोन झाला. फळी आहे तशीच आहे म्हणून सांगितलं.

मंगळवार, १० मार्च

आज सुट्टी होती. आज जाऊन सांगता आलं असतं. गेले नाही, नाट्यगृहात गेले.

एक लाखाचा रेझिस्टर आणला. तपकिरी, काळा, पिवळा. खिडकीपाशी नेऊन उन्हात तीनदा पाहिला. तांदळाच्या दाण्याएवढा आहे. खुर्चीपाशी तार जिथे आत शिरते तिथे दोन चिमटे लावून तात्पुरता जोडला आणि वाजवलं.

आला. नख गेलं, बोट गेलं, आवाज मागे सरकून बसला. सात वर्षं मी ज्याला बाबांचा आवाज म्हणत आले, ज्याच्यासाठी लोक त्यांना विचारायचे की ही जादू कुठल्या डब्यात आहे, तो एवढासा होता. मी बराच वेळ वाजवत राहिले. रिकाम्या सभागृहात खुर्च्या सगळ्या मिटलेल्या होत्या.

एक खुर्ची वाजली. कानसेन मागे कुठलातरी स्पीकर दुरुस्त करत होता, तो उठून पुढे आला.

"काय केलंस?"

"एक रेझिस्टर लावला."

"हेच! हेच गेलं होतं. कोपऱ्यातली परत आली." त्याने विहिरीत वाकून पाहिलं. "चिमट्यांवर काय ठेवलंस? झाळून टाक पक्का. कुणाच्या बापाला कळणार नाही."

त्याला काही माहीत नाही. तो सहज बोलला. पण मी चिमटे काढले आणि रेझिस्टर काड्यापेटीत ठेवला.

"का गं?"

"नंतर लावते."

"विचित्र आहेस," तो म्हणाला, पण वाईट अर्थाने नाही. मग म्हणाला, "चहा घेणार? माझ्याकडे थर्मास आहे." मी हो म्हटलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा नाट्यगृहात कुणाबरोबर चहा घेतला. बोललो फारसं काही नाही.

गुरुवार, १२ मार्च

दोन दिवस हेच डोक्यात आहे. मांडून बघते.

रेझिस्टर लावला तर एकवीसला बाबा तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसतील, आवाज ऐकतील आणि समजतील की फळी विहिरीत माझ्या पायाशी आहे आणि पेन्शनर त्याच्या खुर्चीत बसलाय. त्यांना बरं वाटेल. नव्या शर्टात आले तसे घरी जातील. यात कुणाचंही नुकसान नाही. आत्याही म्हणेल, सुखात आहेत ना, मग झालं.

पण ते खोटं मला बोलावंही लागणार नाही. गिटार बोलेल. आणि ती इतकं चांगलं बोलेल की पुढे कधीच सांगता येणार नाही.

न लावता वाजवलं तर त्यांना पहिल्या सुरातच कळेल, सगळ्यांमध्ये बसलेले असताना. तेही बरोबर नाही.

अकरा वर्षांच्या मुलीने चूक दुसऱ्या दिवशी सांगितली होती. मला आज सव्वीस दिवस झाले.

आणखी एक. मला इतके दिवस वाटत होतं की मी बाबांची वस्तू मोडली. पेन्शनर तर माझा होता. त्यांनी तो पहिल्या जागी ठेवला होता. यातून काय निघतं ते कळत नाही, पण लिहून ठेवते.

रविवार, १५ मार्च

आज फोन बाबांनीच उचलला. त्यांनी फळीचं विचारलं नाही. मी वाट पाहत होते. कागदावर उत्तर लिहून ठेवलं होतं, "फळीबद्दल तुम्हाला काही सांगायचंय," त्यांनी विचारलं की वाचायचं.

ते म्हणाले, "तू कशी आहेस?"

मी सवयीने म्हटलं, "आहे तशीच."

बोलल्यावर लक्षात आलं की हे फळीचं उत्तर आहे. माझ्याबद्दलही ते बहुतेक खरं नाही, पण ते तपासायला वेळ नव्हता. त्यांचा माझ्यावरचा विश्वास उडाला म्हणून त्यांनी फळीचं विचारणं सोडलं, असं मनात आलं. कागद हातात होता. तो वाचला नाही.

म्हटलं, "बाबा, मंगळवारी मी येते."

"मंगळवारी? एकवीसला आम्हीच येतोय की."

"त्याच्या आधी येते. एक सांगायचंय. फोनवर नको."

ते गप्प बसले. मी मोजत होते, अकरापर्यंत मोजलं. मग म्हणाले, "ये. जेवायलाच ये."

मागून आत्या, "कोण येतंय? काय झालं? लग्न ठरवलं का हिने?"

"गप गं," बाबा म्हणाले. मग मला म्हणाले, "झाळायची लेखणी गरम करून ठेवू का?"

ते असं का म्हणाले ते समजलं नाही. मी लेखणीचं काही बोलले नव्हते. कदाचित त्यांचंच काही दुरुस्तीचं काम पडलं असेल. मी म्हटलं, "ठेवा."

सामान काढून ठेवलं. फळी, तिची मूठ धरून नेता येते. रेझिस्टर काड्यापेटीत, काड्यापेटी पाकिटात. ही वही.

ठरवलं ते असं. सकाळी सातची बस, पावणेअकराला पोचते. दारातच सांगायचं, चपला काढायच्या आधी, कारण चपला काढल्या की आत्या चहा ठेवते आणि चहा झाला की माझा धीर जातो. आधी फळी मोडली ते. मग पेन्शनर टाकला ते. मग "बरा आहे" म्हटलं ते. याच क्रमाने. त्यांनी विचारेपर्यंत थांबायचं नाही.

पुढची तारीख आजच लिहून ठेवते: मंगळवार, १७ मार्च. हे खोडायचं नाही.